तीन रेघा आणि नंदीबैल

सॉलोमन ॲशचा प्रयोग तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. निदान त्याचं तीस सेकंदांचं रील तरी. एका खोलीत सात-आठ तरुण ओळीनं बसलेत. समोर दोन पुठ्ठे. एकावर एक उभी रेघ, दुसऱ्यावर तीन. या तिघींपैकी कुठली रेघ पहिलीएवढी आहे, एवढंच सांगायचं. बालवाडीतलं पोरही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले. ते ठरवून चुकीची रेघ सांगतात. शेवटी पाळी येते त्या एकट्याची, ज्याला यातलं काहीच माहीत नाही. तो डोळे बारीक करतो, कसनुसं हसतो आणि तीच चुकीची रेघ सांगतो. रील संपतं. खाली मजकूर येतो: माणूस म्हणजे मेंढरू.

ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट मी दोनदा ऐकलीय. दोन्ही वेळा शेवटी ट्रेनरनं विचारलं, "पटलं ना सगळ्यांना?" आणि वीसेक इंजिनिअरांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. या विनोदाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, किंवा गेलं असेल तर कुणी बोललं नाही.

मग एका रविवारी मी मूळ लेख काढून वाचला. नोव्हेंबर १९५५च्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातला, जेमतेम पाच पानांचा. आकडे तेच होते, रीलमध्ये सांगतात तेच. तीन कॉलेजांतले १२३ विद्यार्थी, सगळे पुरुष. प्रत्येकासमोर रेघांच्या १८ जोड्या. त्यांपैकी १२ वेळा बाकीचा गट एकमुखानं चुकीचं उत्तर देतो. एरवी, एकटा असताना, माणूस या रेघा ओळखण्यात शंभरात एकदासुद्धा चुकत नाही. गटात मात्र ३६.८ टक्के उत्तरं चुकली.

आता आमच्या धंद्यात एक सवय लागते. कुणी सांगितलं की सर्व्हर ३७ टक्के वेळा पडतो, तर पुढचा प्रश्न असतो: मग उरलेल्या ६३ टक्के वेळा तो कशामुळे उभा राहतो? या प्रयोगात उरलेली ६३.२ टक्के उत्तरं बरोबर होती. खोलीतली झाडून सगळी माणसं डोळ्यांसमोर उलटं सांगत असताना, कुणाचाही आधार नसताना, दिलेली बरोबर उत्तरं. चारांतला एक विद्यार्थी तर बाराच्या बाराही वेळा ढळला नाही. बाराही वेळा गटामागे गेलेला मात्र वीसांत एखादाच. 'चारांतले तिघे निदान एकदा तरी झुकले' हे वाक्य पुस्तकांत असतं आणि ते खरंच आहे. 'वीसांतले एकोणीस निदान एकदा तरी गटाविरुद्ध गेले' हेही त्याच तक्त्यातून निघतं. ते मात्र मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं नव्हतं, रीलमध्येही नाही.

मला गंमत वाटली ती पुढे. ॲशनं हा प्रयोग मुळात मेंढरं शोधायला रचलाच नव्हता. माणूस मेंढरू नाही, हे दाखवायला रचला होता.

ॲशचा जन्म १९०७ सालचा, वॉर्साचा. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. बालपण वोविच नावाच्या लहानशा गावात गेलं. त्यानं पुढे सांगितलेली एक आठवण आहे. तो सात वर्षांचा असताना ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या रात्री पहिल्यांदाच त्याला मोठ्यांबरोबर जागं राहू दिलं. आजीनं सगळ्यांचे पेले भरले आणि एक जास्तीचा पेला भरून ठेवला. हा कुणासाठी, असं त्यानं विचारलं. एलिया प्रेषितासाठी, मामा-काकांपैकी कुणीतरी सांगितलं. नीट बघ, तो येऊन घोटभर पिऊन जाईल. पोरगं टक लावून बसलं. आणि खरंच, पेल्यातली वाइन किंचित खाली गेल्यासारखी त्याला दिसली.

आपल्याकडेही सप्टेंबर १९९५मध्ये गणपती दूध प्यायला होता. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण घरातली माणसं सांगतात. चमचा सोंडेला लावला की दूध कमी होताना दिसायचं, कारण ते खरोखरच कमी होत होतं. पृष्ठताणानं ओढलं जाऊन मूर्तीवरून खाली ओघळत होतं. वोविचच्या पेल्यात मात्र काहीच घडत नव्हतं. मोठी माणसं सांगत होती आणि पोराला दिसत होतं, एवढंच.

ही गोष्ट ॲशच्या चरित्रात नेहमी अशी येते की, जणू तिथेच प्रयोगाचं बी पडलं. असेलही. पण त्या गोष्टीतल्या मुलाला मूर्ख म्हणायचं का? सात वर्षांच्या पोरानं आजीवर आणि काकावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? भाषा, दिशा, विस्तव भाजतो हे ज्ञान, सगळं त्यांच्याकडूनच तर मिळालेलं. ॲशच्या पुढच्या सगळ्या कामाला या प्रश्नाची किनार आहे, आणि रीलमधून नेमकी तीच कापली जाते.

१९२०मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आलं. तेरा वर्षांचा मुलगा, इंग्रजी येत नाही, बुजरा. डिकन्सच्या कादंबऱ्या वाचून तो इंग्रजी शिकला. सिटी कॉलेजमधून पदवी घेतली, १९३२मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतून निसटलेल्या विद्वानांची रीघ न्यूयॉर्कला लागली. त्यांतच मॅक्स वेर्टहायमर होता, गेस्टाल्ट मानसशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक. सुटे सुटे तुकडे जोडून माणसाला जग दिसत नाही, त्याला आधी अर्थपूर्ण आकृती दिसते, असं या मंडळींचं म्हणणं. ॲशवर त्याचा फार प्रभाव पडला.

त्या काळच्या मानसशास्त्रात एक मत जवळजवळ सर्वमान्य होतं: समूहात माणसाची बुद्धी बंद पडते, मोठ्या माणसाचं नाव सांगा आणि त्याच्याकडून काहीही वदवून घ्या. फ्रेंच लेखक ल बाँ यानं १८९५मध्ये गर्दीवर पुस्तक लिहून हा सूर लावला होता. नंतरच्यांनी त्याला प्रयोगांची जोड दिली. एक ठरलेली पद्धत अशी: एखादं विधान लोकांना वाचायला द्यायचं आणि त्याखालचं नाव बदलायचं. अधूनमधून बंड होणं समाजाला हितकारक असतं, अशा आशयाचं एक विधान होतं. ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचं. त्याखाली जेफरसन लिहिलं की लोक सहमत व्हायचे, लेनिन लिहिलं की नाकं मुरडायचे. निष्कर्ष: लोक विचार करत नाहीत, नाव बघून मम म्हणतात.

ॲशनं १९४०च्या दशकात हाच प्रयोग पुन्हा करून एक साधी भर घातली. त्यानं लोकांना विचारलं, या विधानाचा तुम्ही काय अर्थ घेतला? तेव्हा कळलं की जेफरसनचं नाव वाचणाऱ्यांना 'बंड' म्हणजे थोडी राजकीय खळबळ, चळवळ वाटली होती, आणि लेनिनचं नाव वाचणाऱ्यांना रक्तरंजित क्रांती. म्हणजे एकाच विधानाबद्दल त्यांची दोन मतं नव्हती. त्यांच्या लेखी ती दोन वेगळी विधानं होती. बोलणारा कोण यावरून बोलण्याचा अर्थ लावणं यात बिनडोक काय आहे? "बघून घेईन" हे वाक्य आई म्हणते तेव्हा वेगळं असतं आणि गल्लीतला दादा म्हणतो तेव्हा वेगळं.

माझ्या मते ॲशचं सगळ्यात हुशार काम हेच आहे, रेघांचं नव्हे. माणूस चुकला असं दिसलं की 'विचार करत नव्हता' असा शिक्का मारण्याआधी 'काय विचार करत होता' हे विचारायचं. विचारायला पाच मिनिटं लागतात. तोवर कुणाच्या ते डोक्यात आलं नव्हतं.

आता रेघांकडे येण्याआधी एक ठिपका. मुझफ्फर शेरीफ हा तुर्कस्तानातला तरुण कोलंबियात शिकत होता. १९३५च्या सुमारास त्यानं काळोख्या खोलीत माणसांना बसवून प्रकाशाचा एक बारीक ठिपका दाखवला. मिट्ट काळोखात स्थिर ठिपकाही हलल्यासारखा दिसतो, कारण तो कशाच्या तुलनेत स्थिर आहे ते डोळ्यांना कळत नाही. किती हलला, असं एकेकट्याला विचारलं तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. एकत्र बसवलं की आकडे हळूहळू एकमेकांकडे सरकायचे आणि गटाचा एक आकडा ठरून जायचा. रूढी अशा जन्माला येतात, असं शेरीफ म्हणाला. प्रयोग सुरेखच होता.

ॲशचा आक्षेप सरळ होता. ठिपका मुळात हलतच नाही, बरोबर उत्तर असं काही नाहीच. तिथे दुसऱ्याचं ऐकलं तर त्यात शरणागती कसली? पावसाळी रात्री अनोळखी घाटात आपण पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांमागेच जातो की. खरी परीक्षा बघायची तर जिथे उत्तर लख्ख समोर आहे अशी गोष्ट घ्या. तिथे माणूस गटाला भीक घालणार नाही, अशी त्याची अपेक्षा होती. म्हणून रेघा.

फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजात तो १९४७पासून शिकवत होता. क्वेकर पंथीयांनी काढलेलं हे छोटं कॉलेज. रेघांचे पहिले निकाल १९५१मध्ये छापून आले आणि खुद्द ॲशही चरकला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त माणसं झुकली होती. हे त्यानं लपवलं नाही. चांगली, हुशार मुलं पांढऱ्याला काळं म्हणायला तयार होतात ही काळजीची बाब आहे, अशा अर्थाचं त्यानं १९५५च्या लेखात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे रील अगदीच खोटं बोलत नाही. पण ॲश तिथे थांबला नाही. त्यानं आपली जुनी सवय सोडली नाही: प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला समोर बसवून विचारलं, तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?

उत्तरांची तऱ्हा बघण्यासारखी आहे. काही थोड्यांना वाटलं होतं की आपल्याच डोळ्यांत काहीतरी बिघाड आहे आणि तो चारचौघांत उघडा पडू नये. काहींनी असा तर्क केला की इतके सगळे एकच सांगतायत त्याअर्थी त्यांचंच बरोबर असणार. काहींना पहिला मुलगा चुकतोय आणि बाकीचे त्याच्यामागे वाहवत चाललेत असं स्पष्ट दिसत होतं, पण आपली पाळी आली तेव्हा तेही वाहवले. एखादा म्हणाला, तुमचा प्रयोग बिघडवायचा नव्हता. आपण चुकीचं उत्तर देतोय हे माहीत असून देणारेही होते. आणि जे ठाम राहिले ते काही छाती काढून बसलेले वीर नव्हते. त्यांतले काही घामाघूम झाले होते, शंका त्यांनाही येत होती. कदाचित माझं चुकत असेल, पण मला दिसतंय ते हे असं आहे, या धर्तीवर ते बोलत राहिले. काही जण एकलकोंडे होते, आपल्या कोशात शिरून निवांत उत्तरं देत गेले. आणि झुकलेले असोत की ठाम, गटाशी मतभेद होतोय याचा त्रास जवळजवळ सगळ्यांनाच झाला होता.

याला कळप म्हणायचं? कळपातल्या मेंढराला त्रास होत नाही.

या उत्तरांची पुढे मॉर्टन डॉइश आणि हॅरल्ड जेरार्ड या दोघांनी १९५५मध्ये ढोबळ विभागणी केली, ती आजही शिकवतात. माणूस गटाचं ऐकतो त्याची दोन कारणं. एक, गटाला जास्त माहीत असेल असं वाटतं. दोन, गटात वेगळं पडायचं नसतं. विभागणी उपयोगी आहे, पण प्रत्यक्षात ही दोन टोकं फार वेळा एकमेकांत गुंतलेली असतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या खर्चाला आपण हात वर करतो ते सेक्रेटरीकाकांना हिशेब कळतो म्हणून, की शेजाऱ्यांशी वाकडं नको म्हणून? मला स्वतःला नेहमी सांगता येईलच असं नाही.

आता एक गोष्ट इतिहासातली, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. इतका बारीक, दुहेरी निकाल 'माणूस म्हणजे मेंढरू' इतका चपटा झाला कसा?

काळ बघा. १९५०मध्ये सिनेटर मॅकार्थी हातात कम्युनिस्टांच्या याद्या नाचवायला लागला. विद्यापीठांत प्राध्यापकांकडून निष्ठेच्या शपथा लिहून घेतल्या जात होत्या, नाही म्हणणाऱ्यांच्या नोकऱ्या जात होत्या. त्याच वर्षी रीसमन आणि सहकाऱ्यांचं 'द लोन्ली क्राउड' आलं, १९५६मध्ये व्हाइटचं 'द ऑर्गनायझेशन मॅन'. एकसारखी घरं, एकसारखे सूट, एकसारखी मतं याची अमेरिकेतल्या शिकलेल्या वर्गाला धास्ती बसली होती. पाठीमागे जर्मनीचा प्रश्न उभा होताच: इतकी सगळी साधी माणसं त्यात सामील झालीच कशी? या सगळ्याला उत्तर म्हणून एक आकडा हवा होता. ॲशनं तो दिला. त्याला जो अर्थ अभिप्रेत होता तो मात्र कुणाला नको होता.

त्यात १९५५-५६मध्ये ॲश पाहुणा म्हणून हार्वर्डला शिकवायला गेला तेव्हा त्याच्या हाताखाली एक विद्यार्थी होता, स्टॅन्ली मिलग्रॅम. रेघांच्या लांबीवरून माणसाची परीक्षा बघणं मिलग्रॅमला फिकं वाटलं. काहीतरी जास्त गंभीर पणाला लागायला हवं, असं त्याला वाटे. १९६१मध्ये येलला त्याने विजेच्या झटक्यांचे ते सुप्रसिद्ध प्रयोग सुरू केले. त्यांचा निकाल इतका भयंकर होता की त्याच्या आधीची सगळी पानं त्याच्या उजेडात वाचली जाऊ लागली. ॲश हे मिलग्रॅमच्या आधीचं प्रकरण होऊन बसलं.

१९९०मध्ये फ्रेंड, रॅफर्टी आणि ब्रॅमल या तीन संशोधकांनी चिकाटीचं काम केलं. १९५३ ते १९८४ या काळात निघालेली सामाजिक मानसशास्त्राची ९९ पाठ्यपुस्तकं काढली आणि प्रत्येकात ॲशचा प्रयोग कसा सांगितलाय ते तपासलं. जसजशी वर्षं जातात तसतसं शरण जाणाऱ्यांचं वजन वाढत जातं आणि ठाम राहणाऱ्यांचं घटत जातं, असं त्यांना आढळलं. मूळ आकडे कुणीही कधीही उघडून बघू शकलं असतं. पण पाठ्यपुस्तक लिहिणारा बहुधा आधीचं पाठ्यपुस्तक बघतो. शाहिरामागचे झीलकरी असतात तसं, एकानं ओढलेली री पुढच्यानं ओढायची. गटापुढे झुकण्याबद्दलची पानं लिहिताना हे घडावं, ही गोष्ट मला अजून पुरती हसूही देत नाही.

याचं नुकसान असं की 'सगळेच झुकतात' हे वाक्य फार सोयीचं आहे. ज्याला दुसऱ्यांना झुकवायचंय त्याच्या तर ते सोयीचं आहेच, पण ज्याला झुकायचंय त्याच्याही. शास्त्रानंच सांगितलंय म्हटल्यावर मग गप्प बसण्याचा हिशेब कुणाला द्यायला नको.

नंतरच्या लोकांनी प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि चित्र आणखी गुंतागुंतीचं होत गेलं. माझ्या आवडीचा प्रयोग पेरिन आणि स्पेन्सर या ब्रिटिश जोडगोळीचा, १९८०चा. त्यांनी इंजिनिअरिंग, गणित आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी घेतले. ३९६ वेळा गटानं चुकीचं उत्तर दिलं, आणि त्यांपैकी विद्यार्थी गटामागे गेले किती वेळा? एकदा. फक्त एकदा. हे वाचून माझी कॉलर जरा ताठ झाली, नाकारत नाही. पण संशोधक पुढे गेले. न्यायालयानं देखरेखीखाली सोडलेल्या तरुणांना त्यांनी प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या गटात बसवलं, तेव्हा झुकण्याचं प्रमाण जवळपास ॲशच्या आकड्यापर्यंत गेलं. म्हणजे इंजिनिअरच्या पाठीचा कणा वेगळ्या धातूचा असतो असं काही नाही. त्या मुलांचं रोजचं कामच मोजमापाचं होतं, आणि खोलीत कुणी असा नव्हता ज्याच्या मर्जीवर त्यांचं काही अवलंबून होतं. त्याच इंजिनिअराला अप्रेझलच्या आठवड्यात मॅनेजरच्या शेजारी बसवा आणि मग रेघा दाखवा.

जपानात मोरी आणि आराई यांनी २०१०मध्ये फितवलेले नट पूर्ण काढून टाकले. थ्रीडी सिनेमाला असतो तसल्या ध्रुवीय चष्म्यांनी त्यांनी एकाच पडद्यावर एकाला वेगळी रेघ दाखवली आणि बाकीच्यांना वेगळी. खोलीत खोटं कुणीच बोलत नव्हतं. तिथे स्त्रिया झुकल्या, पुरुष फारसे नाही. बाँड आणि स्मिथ यांनी १९९६मध्ये १७ देशांतले १३३ प्रयोग एकत्र मांडले: ज्या समाजांत व्यक्तीपेक्षा समूहाला वजन आहे तिथे प्रमाण जास्त, आणि अमेरिकेत १९५०च्या दशकापासून ते घटत आलेलं. तर २०२३मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा निकाल आला: ३३ टक्के, जवळपास ॲशएवढाच. बरोबर उत्तराला पैसे ठेवले तर २५. आणि रेघांऐवजी राजकीय मतं विचारली तर ३८. शेवटच्या आकड्यावर जरा थांबा. रेघेला निदान लांबी असते.

तर मग माणूस झुकतो की नाही? माझ्या मते प्रश्नच उलटा विचारायला हवा: खोली कशी मांडली होती? ॲशनं स्वतः खोली बदलून बघितली. गटात एकच माणूस विरोधात असेल तर परिणाम जवळजवळ शून्य. दोघे असतील तर चुका १३.६ टक्के. तिघे झाले की एकदम ३१.८. त्यापुढे विरोधातली माणसं वाढवत पंधरापर्यंत नेली तरी फरक नगण्य. म्हणजे शंभर माणसांच्या कंपनीची गरजच नाही, कॅन्टीनच्या टेबलावर तिघं पुरतात. उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला सांगितलं की झुकणं खूपच कमी व्हायचं.

हे शेवटचं वाचताना मला आमचं स्प्रिंट प्लॅनिंग आठवलं. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे टीमनं मिळून ठरवायचं असतं. सिनिअर डेव्हलपर म्हणाला "दोन दिवस", की बाकी सगळ्यांचे दोनच दिवस होतात. २००२मध्ये जेम्स ग्रेनिंग यानं यावर पत्त्यांचा उपाय काढला: प्रत्येकानं आपला आकडा पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. याला प्लॅनिंग पोकर म्हणतात. मी ज्या ज्या टीममध्ये हे नीट पाळलेलं पाहिलंय, तिथे ज्या कामाचे एरवी बिनबोभाट दोन दिवस ठरले असते त्यावर दोन, तीन, आठ आणि तेरा असे पत्ते पडलेले पाहिलेत. तेरावाली मुलगी नवीन होती, पण ते पेमेंटचं जुनं कोड तिनंच एकटीनं वाचलेलं होतं. पत्ते नसते तर ती बोलली असती का? तिला मी विचारलं. "दादा, तुमच्या सगळ्यांचं झाल्यावर मी काय बोलणार?" असं ती म्हणाली.

ही युक्ती ग्रेनिंगच्याही फार आधीची आहे. ज्यूंच्या मिश्ना या प्राचीन धर्मग्रंथात नियम आहे की, देहदंडाच्या खटल्यात मतं सांगायला सुरुवात सर्वांत कनिष्ठ न्यायाधीशांकडून करायची, म्हणजे ज्येष्ठाचं ऐकून ते दबणार नाहीत. भारतीय सेनेच्या कोर्ट मार्शलमध्येही मत देण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून होते. गंमत म्हणजे यांतलं कुणीच माणसाचा स्वभाव सुधारायला निघालेलं नाही. धैर्याचा उपदेश नाही, पोस्टर नाही. फक्त बोलण्याचा क्रम बदललाय. ट्रेनिंगमध्ये आम्हाला 'निर्भयपणे बोला' असं सांगितलं होतं. क्रम मात्र शेवटपर्यंत मॅनेजरपासूनच सुरू होत राहिला.

ॲश १९९६मध्ये वारला. रेघांनंतर तो या विषयात फार रेंगाळला नाही, आपण गंभीरपणे लिहिलेलं बाजूला पडून एका प्रयोगाचं नाव तेवढं उरलं याची खंत त्याला होती असं दिसतं. त्या प्रयोगाचा जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'सायंटिफिक अमेरिकन'च्या शेवटच्या पानांवर आहे आणि कुठल्याही रीलमध्ये येत नाही.

ॲशनं काही खोल्यांत फितवलेल्या गटातल्याच एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. एवढ्यानंच चुका चौथाईवर आल्या. दुसऱ्या काही खोल्यांत या फुटीर माणसानंही चुकीचंच उत्तर दिलं, गटापेक्षाही जास्त चुकीचं. तरीही चुका ९ टक्क्यांवर उतरल्या. सोबत्याचं उत्तर बरोबर असण्याचीही गरज नव्हती, त्यानं एकमत मोडलं एवढं पुरलं. मग ॲशनं सोबत्याला मध्यावर फितूर व्हायला लावलं: पहिल्या अर्ध्या वेळात खरं बोलणारा अचानक गटाला जाऊन मिळाला. त्याक्षणी आपल्या माणसाच्या चुका पुन्हा पूर्वीइतक्या वर गेल्या. शेवटी आणखी एक प्रकार. यात सोबती फितूर होत नाही. डीनची अपॉइंटमेंट आहे असं सांगून तो मध्येच खोलीतून निघून जातो. आता खोलीत पुन्हा तो एकटा आणि समोर सगळा गट. चुका वाढल्या, पण फितुरीच्या वेळी वाढल्या होत्या तितक्या नाहीत.

नंतर या मुलांना सोबत्याबद्दल विचारलं. तो आवडला होता, त्याच्याबद्दल जवळीक वाटली होती, त्याच्यामुळे धीर आला होता, असं ते सांगत. मग त्याच्यामुळेच तू ठाम राहिलास का, असं विचारलं की मात्र बहुतेक जण म्हणत, छे, मी एकटा असतो तरी हेच सांगितलं असतं.